इंजिन सुरू झालं की

उल्हास पेंढारकर मूळचा सांगलीचा. सांगलीत बर्फ पाहायला मिळतो तो रसवंतीगृहात नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर. अशा गावातल्या मुलाने बर्फावर डॉक्टरेट मिळवावी आणि जपानातल्या तोकामाची नावाच्या गावी, जिथे हिवाळ्यात माणूस बुडेल इतका बर्फ साचतो, तिथल्या संशोधन केंद्रात तो मोजायची नोकरी धरावी, हे त्याच्या वडिलांना शेवटपर्यंत पचलं नाही. "लोक करतात काय रे तिथे एवढ्या बर्फाचं?" असं ते फोनवर विचारायचे. "बाजूला सारतात," असं खरं उत्तर उल्हास द्यायचा. पोरगं आपली थट्टा करतंय अशी वडिलांची खात्री होती.

तिकडची घरं या बर्फाच्या धाकानेच बांधलेली. खाली काँक्रीटचा उंच तळमजला आणि त्याच्यावर घर. तळमजल्यात गाडी, फावडी, रॉकेलचे डबे असं सगळं राहतं. उल्हासच्या तळमजल्यात एक लांब टेबल होतं, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने होते आणि मधोमध होशिनो-सानांची स्नोमोबाइल होती. पुढे दोन स्की आणि मागे रुंद रबरी पट्टा असलेली ही बर्फावरची मोटारसायकल. शेजारचे होशिनो-सान पूर्वी भर हिवाळ्यातही तिच्यावरून डोंगरातल्या आपल्या खोपटाकडे जात. पुढे त्यांचे गुडघे गेले. यंत्र भंगारात द्यायचं म्हणजे तिथे दहा लोकांची परवानगी, म्हणून एका सकाळी त्यांनी ते सरळ उल्हासच्या दारात ढकलत आणलं. "पेन-सान, तुम्ही बर्फाचे डॉक्टर," ते म्हणाले. "हिला तुम्हीच सांभाळा." पेंढारकर हे आडनाव त्या गावात कुणाच्याही तोंडात मावलं नव्हतं, म्हणून तो पेन-सान, म्हणजे पेनराव.

तो पहिला हिवाळा यंत्र सुरेख चाललं. उल्हास लेकीला, तन्वीला, पुढ्यात बसवून शेतांवरच्या बर्फातून फिरवून आणायचा. त्या एका सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज असा, की वाटावं कुणी पत्र्याच्या डब्यात फटाक्यांची माळ लावली आहे. तन्वी दोन्ही कानांवर हात दाबून ओरडायची, "उरुसाई!" म्हणजे, किती हा गोंगाट, बंद करा. आणि बंद केलं की खाली उतरायला तयार नसायची. ती तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. लाल दप्तर पाठीवर घेऊन बर्फाच्या भिंतींमधून चालत जायची आणि आईबाप मराठीत काहीही विचारोत, उत्तर जपानीतच द्यायची. तिची आई विभा यावरून चिडायची. उल्हासला मात्र त्याची फार गंमत वाटे.

पुढच्या शरदात त्याने हिवाळ्याच्या तयारीला म्हणून कार्ब्युरेटर उतरवून साफ करायला घेतला, आणि त्यातच दसरा आला. आता दसऱ्याला यंत्रांची पूजा ही पेंढारकरांच्या घरची मोठी हौस. वडील सांगलीत स्कूटर धुऊनपुसून, तिला झेंडूची माळ घालून, हँडलवर हळदकुंकू वाहून तिच्यापुढे हात जोडायचे. उल्हासनेही तळमजल्यात पाट मांडला. झेंडू होशिनो-सानांच्या कुंपणातून आणले. आपट्याची पानं कुठली मिळायला, म्हणून तन्वीने शाळेच्या अंगणातून गिंको झाडाची पानं वेचून आणली. तीही आपट्यासारखी मध्ये चिरलेली असतात, आणि अर्धवट पिवळी झाली होती म्हणजे सोनं म्हणून खपण्यासारखी होती. अक्षतांना तांदूळ होशिनो-सानांच्याच शेतातला, आखूड आणि गुबगुबीत. एवढा चांगला तांदूळ कुंकवात कालवणं विभाच्या जिवावर आलं होतं.

इंजिनाच्या उघड्या तोंडावर उल्हासने फडकं टाकून ठेवलं होतं. पूजेच्या वेळी मात्र त्याने ते काढलं. देवाचं तोंड झाकून पूजा कशी करायची? जपानातला कुठलाही मेकॅनिक असली चूक करणार नाही, कारण त्याला इंजिनाची पूजा करायची नसते. तन्वीने मूठभर अक्षता घेतल्या आणि हौसेने चहूकडे उडवल्या. "अगं हळू," उल्हास म्हणाला. दोनचार दाणे आत गेलेले त्याने पाहिले, चिमट्याने काढले, इंजिन उलटं करून झटकलं. मग सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि तो ती गोष्ट विसरून गेला.

डिसेंबरात बर्फ पडला आणि यंत्र सुरू होईना. दोरी ओढली की खोकायचं, कार्ब्युरेटरमधून पेट्रोलचा फवारा उलटा बाहेर यायचा आणि मरायचं. उल्हासने दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतला. शेवटी पिस्टनच्या रिंगा झिजल्या असणार असं निदान करून त्याने पूर्ण इंजिन खोललं. मार्चच्या सुरुवातीला त्या टेबलावर पिस्टन एकीकडे, क्रँक दुसरीकडे, नटबोल्ट चहाच्या बशांमध्ये असा पसारा होता. आणि तो तसाच असताना भूकंप झाला.

मोठा धक्का समुद्राकडे बसला. तोकामाचीत घर बराच वेळ झुलत राहिलं, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांच्याच डोंगरात दुसरा भूकंप झाला आणि त्याने फडताळातली भांडी खाली आणली, रस्ते फाडले, बर्फाचे कडे दरीत लोटले. टीव्हीवर समुद्रकाठच्या फुटलेल्या अणुभट्टीचा पांढरा धूर पुन्हा पुन्हा दिसू लागला. पुण्याहून विभाच्या आईचे फोन सुरू झाले ते थांबेनात. वाऱ्याची दिशा, पावसाचं पाणी, पालक, दूध, सगळ्याचीच भीती. शेवटी ठरलं, की विभाने तन्वीला घेऊन दोन आठवडे पुण्याला जाऊन यावं.

निघायच्या सकाळी तन्वी तळमजल्यात आली. अंगात जाड कोट, पाठीवर लाल दप्तर. दप्तर नेऊ नकोस, दोन आठवड्यांसाठी कशाला, असं म्हणून विभाने ते उतरवून खुंटीला अडकवलं.

"परत कधी यायचं?" तन्वीने विचारलं. तेव्हा मात्र मराठीत विचारलं.

उल्हासच्या हातात पिस्टन होता. पोराबाळांची समजूत काढायला माणूस समोर दिसेल ते बोलून जातो, तसा तो बोलून गेला. "हे इंजिन सुरू झालं की."

त्या दोघी परत आल्या नाहीत.

इथे विभाची बाजू सांगायलाच हवी, नाहीतर सगळा दोष तिच्या माथी जाईल. ती रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली बाई. तोकामाचीत तिला मिळालं होतं ते जेवणाच्या डब्यांच्या दुकानात भात भरायचं अर्धवेळ काम, ज्याला तिथे बाइतो म्हणतात. चार महिने पांढऱ्याशुभ्र भिंतींत कोंडून घेतल्यासारखं जगायचं, आणि बोलायला उल्हासशिवाय कुणी नाही. पुण्यात दोन आठवड्यांचे दोन महिने झाले, तन्वीला जूनमध्ये शाळेत घालावं लागलं, मग आईचं दुखणं निघालं, मग एका कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली आणि ती तिला मनापासून आवडली. भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं. आणि उल्हासने पुण्यात येऊन करावं तरी काय? पुण्यात बर्फ मोजायला कोण ठेवणार? तो दर ऑगस्टात ओबोनच्या, म्हणजे तिकडच्या पितरांच्या सणाच्या, सुटीत यायचा, पाहुण्यासारखा दिवाणखान्यात झोपायचा, आणि तन्वीची उंची गेल्या खेपेपेक्षा किती वाढली ते पाहून मनातल्या मनात खचायचा.

पहिल्या वर्षी तन्वी दर रविवारी फोनवर विचारायची, "बाबा, सुरू झालं?" तो म्हणायचा, "होतंय." मग ती विचारणं विसरू लागली. तिची जपानी तर त्याहून आधी गेली. लहान मुलं भाषा अंगावरच्या कपड्यासारखी घालतात, तशीच काढूनही ठेवतात. एकदा त्याने मुद्दाम जपानीत दोन वाक्यं म्हणून पाहिली, तर तिकडून हसू आलं. "काय बोलतोयस बाबा, कार्टूनसारखं!" त्यालाही हसावं लागलं. पुढे कधीतरी "सुरू झालं का" हा प्रश्न येणं कायमचं बंद झालं. ते नेमकं कधी, हे त्याला सांगता आलं नसतं, पण बंद झाल्याचं तो कधीच विसरला नाही.

आणि तो खाली तळमजल्यात बसून इंजिन जोडत राहिला. ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलेलं. कुठे होक्काइदोतल्या भंगारवाल्याकडून पिस्टन मिळव, कुठे रिंगा, कुठे ऑइल सील, असं करत त्याने एकेक भाग बदलला. रिंगांमधली फट कागदाइतक्या पातळ पट्ट्यांनी मोजायची, नट ठरलेल्या ताकदीनेच आवळायचा, गॅस्केट कागदावर आखून स्वतः कापायचं. बर्फाच्या कणांच्या कडा भिंगाखाली मोजणाऱ्या माणसाला हे काम मानवणारंच होतं. दर हिवाळ्याच्या तोंडाशी इंजिन जोडून व्हायचं, तो दोरी ओढायचा, इंजिन खोकायचं आणि पेट्रोल थुंकून मरायचं. तो पुन्हा खोलायचा. होशिनो-सान दारातून डोकावून म्हणायचे, "अजून नाही का?" आणि खिडक्यांना बर्फासाठी फळ्या ठोकायला निघून जायचे.

एक भाग मात्र त्याने कधी उघडला नाही. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक चपटी पेटी असते. तिच्यात पातळ पाकळ्या असतात. पेट्रोलमिश्रित हवा आत ओढली गेली की त्या उघडतात आणि लगेच मिटतात, म्हणजे आत गेलेलं परत फिरत नाही. त्या पेटीचे स्क्रू गंजून बसले होते, पाकळ्या जुन्या झाल्या होत्या, आणि नवी पेटी कुठेच मिळत नव्हती. मोडली तर सगळं संपलं. बाहेरून बॅटरी मारून पाहिलं की पाकळ्या धडधाकट दिसायच्या. मग कशाला हात लावा? हे कारण खरंच होतं. पण खोटं कशाला बोला, उल्हासला घाईही नव्हती. इंजिन बिघडलेलं आहे तोवर कुणी येत नाही याचा दोष इंजिनाचा होता.

मग एके वर्षी तो ऑगस्टाऐवजी ऑक्टोबरात पुण्याला आला. विभाच्या आईची पंच्याहत्तरी होती, आणि त्याच आठवड्यात दसरा. तन्वी दहावीत होती. आल्याबरोबर विभाने शांतपणे सांगितलं, "उल्हास, ती पुढच्या वर्षी कॉलेजात जाईल. मग तिचं विश्व वेगळं. तू यंदा काहीतरी ठरव. यायचं की राहायचं, जे असेल ते. तिला सारखं होईल होईल म्हणून लटकवू नकोस." तो "हो" म्हणाला. विभाला त्याचे "हो" चांगलेच ओळखीचे होते.

दसऱ्याच्या सकाळी इमारतीखाली विभाच्या स्कूटरची पूजा झाली. तन्वी आता आईपेक्षा उंच. हातात फोन, एका कानात इअरफोन, चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव. पण अक्षता घ्यायची वेळ आली तेव्हा तिने फोन खिशात टाकला, मूठ भरून घेतली आणि स्कूटरवर चहूकडे उडवली, अगदी हौसेने.

"अगं हळू," विभा म्हणाली. "आत जातात त्या. काढता काढता नाकी नऊ येतात."

उल्हास हातात चहाचा कप घेऊन उभा होता. त्याने तो कप तसाच स्कूटरच्या सीटवर ठेवला. बारीकसारीक अक्षता सीटवरून घरंगळत फटीत जात होत्या, त्यांच्याकडे तो पाहत राहिला.

"काय झालं?" विभाने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. आठ वर्षं त्याने इंजिनात सगळं तपासलं होतं, आणि आपल्या पोरीची मूठ तेवढी विसरला होता.

तोकामाचीला परतल्यावर बॅगही न उघडता तो तळमजल्यात गेला. रॉकेलचा स्टोव्ह पेटवला. गंजलेल्या स्क्रूंना तेल सोडून दोन दिवस भिजत ठेवलं, मग जीव मुठीत धरून एकेक सोडवला. पेटी सुटली. त्याने ती उलटी केली. आतल्या बाजूने, वरच्या पाकळीच्या अगदी कोपऱ्यात, तेलाने काळसर झालेला एक तांदळाचा दाणा अडकलेला होता. पाकळी त्याच्यावर टेकून थोडीशी उघडीच राहिली होती, इतकी थोडी की बाहेरून दिसू नये. बासमतीचा लांबट दाणा असता तर केव्हाच निसटून गेला असता. होशिनो-सानांचा गुबगुबीत तांदूळ तिथे ठाण मांडून बसला होता.

बर्फाचे कण पाहायचं त्याचं एक काळं कार्ड होतं, बारीक चौकटी आखलेलं. त्याच्यावर तो दाणा ठेवून त्याने भिंग लावलं. एका टोकाला अजून कुंकवाची लाली होती. त्याने भिंग बाजूला ठेवलं आणि तो रडला. रडताना पाहणारं तिथे कुणी नव्हतं आणि ते बरंच होतं. एवढीशी लेक त्याला कानांवर हात दाबून बर्फात बसलेली दिसत होती, आणि ती आता कुठेच नव्हती, पुण्यातही नव्हती.

इंजिन त्याच संध्याकाळी जोडून झालं. पण त्याने दोरी ओढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कामावर गेला, परत आला, जेवला, खाली जाऊन यंत्राकडे पाहून आला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की आपण हे सुरू व्हायची वाट पाहतोय. आता कळलं, की ते सुरू होईल याचीच त्याला धास्ती आहे. सुरू झालं आणि तरी कुणी आलं नाही, तर मग काय दुरुस्त करायचं?

रविवारी सकाळी त्याने फोन लावला. पडद्यावर तन्वी दिसली, मागे पुस्तकांचा ढीग.

"बोल बाबा. मला थोड्या वेळात क्लासला जायचंय."

"दोन मिनिटं थांबशील? एक दाखवायचंय."

त्याने फोन पान्यांच्या शेजारी खिळ्याला टेकवून उभा केला. तिला टेबल दिसलं असावं. "हे काय आहे? गॅरेज?"

"आपलं," तो म्हणाला. "इथे तू दसऱ्याला अक्षता टाकल्या होत्यास. आठवतं?"

"नाही रे," ती म्हणाली. तिने खरंच आठवायचा प्रयत्न केलेला त्याला दिसला. "लाल दप्तर आठवतं मला. बाकी फोटोत पाहिलंय तेवढंच."

ते दप्तर तिथेच, त्याच्या मागे जरा बाजूला, पडद्यावर न दिसणाऱ्या खुंटीला होतं. त्याने ते दाखवलं नाही. आता दाखवलं असतं तर त्याला पुढचं काही जमलं नसतं. त्याने दोरीची मूठ धरली आणि ओढली. इंजिन खोकलं. पुन्हा ओढली. पुन्हा खोकलं, पण या वेळी पेट्रोल थुंकलं नाही. त्याने पाय रोवून जोरात हिसका दिला, आणि पत्र्याच्या डब्यात फटाक्यांची माळ लागली. निळा धूर सगळ्या तळमजल्यात भरला. टेबलावरच्या बशा थरथरू लागल्या. शेजारच्या घरातून होशिनो-सान हातात हातोडी तशीच घेऊन बाहेर आले आणि दारात उभे राहिले.

उल्हासने पडद्याकडे पाहिलं. तन्वीने दोन्ही कानांवर हात दाबले होते. तिचे ओठ हलले. आवाजात काही ऐकू आलं नाही, पण त्याला ते ऐकायची गरजच नव्हती. तरीही खात्री करायला म्हणून त्याने इंजिन बंद केलं.

"काय म्हणालीस?"

"उरुसाई," ती म्हणाली. आणि मग स्वतःच गोंधळली. "हे काय म्हटलं मी? याचा अर्थ काय?"

त्याने तिला अर्थ सांगितला. ती तो शब्द कधी ओरडायची तेही सांगितलं. क्लासची वेळ होऊन गेली असावी, पण ती उठली नाही. दारातले होशिनो-सान वाकून नमस्कार करून निघून गेले. पडद्यावरच्या या उंच मुलीला काय विचारायचं ते उल्हासला माहीत होतं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं तेच. पण तिने "नाही" म्हटलं तर? तो फडक्याने हात पुसत बसला.

"बाबा," तीच म्हणाली, "तू काहीतरी म्हणाला होतास ना? आम्ही निघालो तेव्हा. या इंजिनाचं."

"म्हणालो होतो."

"काय म्हणाला होतास?"

"हे सुरू झालं की तू परत यायचं."

ती खाली पाहू लागली. मागच्या पुस्तकांतलं एक तिने विनाकारण सरळ केलं. "मला तिथे राहायला नाही येता यायचं, बाबा," ती हळूच म्हणाली. "माझं सगळं इथे आहे."

"माहीत आहे गं."

"पण एकदा बसायचंय मला त्याच्यावर." मग तिने डोकं वर केलं. "परीक्षा मार्चच्या शेवटी शेवटी संपते. तिकडे बर्फ कधीपर्यंत असतो?"

बाहेर अजून पहिला बर्फही पडला नव्हता. तोकामाचीतला बर्फ कुठल्या उंचीवर कोणत्या आठवड्यात वितळतो याचे तक्ते उल्हास पेंढारकरनेच केले होते, आणि केंद्राच्या भिंतीवर ते लावलेले होते.

"तू येईपर्यंत," तो म्हणाला, आणि मागे वळून खुंटीवरचं लाल दप्तर काढून त्यावरची धूळ पुसू लागला.